बारदानासकट

"पोरी, मेल्या ना माह्या पेशी साऱ्या!"

नागपूरहून मोहोड सरांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या डबा खात होते. घास तोंडातच राहिला.

"साऱ्या म्हणजे, सर?"

"साऱ्या म्हणजे साऱ्या. औषधालाही एक उरली नाही. काय भरून पाठवलं त्या नळीत? पेप्टाइड का फिनाइल?"

"पेप्टाइड नेहमीचंच आहे, सर. तीच बॅच."

"कॉन्सन्ट्रेशन कोणी मोजलं?"

"मी मोजलं."

"अन् कुमुद कुठं आहे?"

"मॅडमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. रजेवर आहेत."

"मंग बरोबर," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला राग एकदम उतरला, जणू रोगाचं निदान झालं. "आकडा तू लिहिला तं असंच होणार. कुमुदचा आकडा पाठव, मंग पाहू."

फोन ठेवला गेला. मी डब्याचं झाकण लावलं.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं होतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. तो पेशीत शिरतो की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्याच्या शेपटाला चमकणारा हिरवट रंग चिकटवायचा. तो आत शिरला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी चमकते. आम्ही पुण्यात पेप्टाइड बनवायचो, रंगवायचो, मोजायचो, आणि नळीवर कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे द्रावण किती तीव्र त्याचा, आकडा लिहून बर्फासकट नागपूरला धाडायचो. सर त्या आकड्यावरून हिशेब करून ते पेशींवर टाकायचे, आकडा मोठा तर थोडं, लहान तर जास्त. कमी पडलं तर पेशी अंधारातच राहतात. जास्त झालं तर मरतात. मधली वाट अगदी अरुंद, त्यामुळे सगळा खेळ त्या एका आकड्यावर.

त्या चमकणाऱ्या पेशींवर माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण अवलंबून होतं, आणि चौथ्या प्रकरणावर प्रबंध. विद्यापीठाने मुदतवाढ दिली होती ती शेवटची. डिसेंबर उलटला की माझी नोंदणीच रद्द. बरं, रंगवलेलं पेप्टाइड उरलं होतं तीन वेळा पुरेल एवढंच. नवी बॅच बनवून, धुऊन, शुद्ध करून हातात यायची तर होळी आली असती. त्या तीनातला एक प्रयोग आत्ताच फिनाइल ठरला होता.

आता दोन मोहोडांबद्दल सांगायला हवं. आमच्या मॅडम, डॉ. कुमुद मोहोड, आणि नागपूरचे सर, डॉ. विश्राम मोहोड, हे एके काळचे नवरा-बायको. दोघांचं फाटलं, सर आपल्या गावाकडे परत गेले, मॅडम पुण्यातच राहिल्या. आडनाव मात्र मॅडमनी ठेवलं, कारण सगळे पेपर त्या नावावर छापलेले. "नवरा बदलता येतो, ग्रंथसूची नाही," असं त्या म्हणायच्या. नवराही त्यांनी दुसरा केला नाही ते सोडा. घटस्फोटानंतर दोघांनी मिळून जे शोधनिबंध लिहिले त्यांवर 'मोहोड आणि मोहोड' असं छापून यायचं. परदेशातल्या एका विद्वानाने एका परिषदेत मॅडमना त्यांच्या भावाची खुशाली विचारली होती.

दोघांत उरलेला दुवा म्हणजे पेप्टाइड ज्यातून जायचं तो थर्माकोलचा डबा. डबा नागपूरला पोचला की चार-आठ दिवसांनी सरांचा फोन यायचा आणि मग मॅडमच्या केबिनमध्ये तासभर धुमश्चक्री चालायची. "तुझ्या पिपेटला तरी लाज आहे का?" "तुझी मशिनं भंगारात काढ!" बाहेर आम्ही सेंट्रिफ्यूज बंद ठेवून ऐकायचो, कारण त्याच्या आवाजात चांगली चांगली वाक्यं बुडायची. एवढं भांडूनही प्रयोग दर वेळी यशस्वी व्हायचा आणि पेपर छापून यायचा.

मॅडमचा एक दंडक होता. शिष्यांनी पेप्टाइड बनवावं, धुवावं, गाळावं, पण शेवटचं मोजमाप त्यांनी स्वतः करायचं. नळीवरचा आकडाही त्यांच्याच अक्षरात. माझ्या नशिबात मोजणं आलं ते त्यांच्या मोतीबिंदूच्या कृपेने. "भिंतीवर पद्धत लावली आहे," त्या फोनवर म्हणाल्या, "तशीच मोज आणि पाठवून दे. डोकं चालवू नकोस."

डोकं चालवू नकोस म्हटलं की आमच्या घराण्यात ते हमखास चालतं. माझ्या वडिलांचं कराडला गुळाचं अडत दुकान. वजनकाट्यासमोर लहानाची मोठी झालेली मी. मशीन काय करतं, तर द्रावणातून प्रकाश सोडतं आणि पेप्टाइडने किती प्रकाश पिऊन टाकला ते सांगतं. त्यावरून पेप्टाइड किती, हे काढायचं. पण चिकटवलेला रंगही त्याच ठिकाणी थोडा प्रकाश पितो की! तेवढा वजा करायला हवा. एमएस्सीच्या पोरालाही हे माहीत असतं. भिंतीवरच्या पद्धतीत मात्र वजाबाकीच नव्हती. गुळाची ढेप बारदानासकट, म्हणजे गोणपाटाच्या वजनासकट तोलायची आणि सगळा गूळच म्हणून विकायची, तसला प्रकार. मी रंग वजा केला. आकडा निम्म्यावर आला.

गाइडची चूक सापडणं म्हणजे सासूच्या भाजीत केस सापडण्यासारखं आहे. दाखवता येत नाही, आणि गिळवतही नाही. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मशीनवर पुन्हा मोजून पाहिलं, तिथेही तेच. मग मी मॅडमना काहीएक न सांगता खरा आकडा ठळक अक्षरात नळीवर लिहिला आणि डबा रवाना केला. आता चौथं प्रकरण कसं चकचकीत होतं ते बघा, असं मनात म्हणाले.

आणि त्या खऱ्या आकड्याने पेशी मेल्या. खोट्या आकड्याने इतकी वर्षं जगल्या, चमकल्या, छापून आल्या. आणि खरा लिहिला तर मेल्या. माझी तर मतीच गुंग झाली. तीन दिवस मी स्वतःचंच मोजमाप उलटसुलट तपासत बसले, आणि शेवटी उरलेलं पेप्टाइड बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन नागपूर गाठलं.

सर फोनवर जेवढे खवळलेले, तेवढेच समोर मऊ. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशा, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं.

"ये, बाप्पा, ये. जेवली का? आधी चहा घे."

कँटीनचा चहा आला. सरांनी टेबलाच्या खणातून साखरेची बाटली काढली आणि न चाखताच आपल्या कपात एक चमचा ओतली. मी चाखला, तर माझा चहा आधीच गोडमिट्ट होता. पण गुरूच्या एके काळच्या नवऱ्याला चहावरून काय बोलायचं?

"सर, माझ्यासमोर एकदा करून बघू या का? आकडा बरोबर आहे, याची मला खात्री आहे."

"खात्री तं कुमुदलाही राहते," सर हसले. "चाल, करू."

त्यांनी पेशींची तबकडी काढली, नळीवरचा आकडा पाहिला, कागदावर हिशेब केला. हिशेब अचूक होता. मी खांद्यावरून पाहत होते. पिपेट लावलं, पेप्टाइड उचललं, पेशींवर सोडलं. हात कसा स्थिर! मी श्वास सोडते तोच त्यांनी पिपेट परत नळीत बुडवलं आणि तेवढंच पुन्हा सोडलं.

"सर!" मी ओरडलेच. "दोनदा?"

"मंग?"

"हिशेबात तर एकदाच होतं."

"हिशेब नळीवरच्या आकड्याचा आहे, पोरी. नळीत तेवढं नसते." सरांनी तबकडीवर झाकण ठेवलं. "कुमुदच्या नळीत लिहिल्याच्या निम्मंच राहते."

"तुम्ही मोजून पाहिलंत?"

"मोजाले काय लागते? दहा वर्षं संसार केला तिच्यासंगं."

मी स्टुलावर बसले. सर समजावणीच्या सुरात सांगू लागले, "तिचा स्वभावच आहे तसा, फुगवून सांगायचा. अर्ध्या तासात येतो म्हणे, की तास धरायचा. चहात साखर घातली म्हणे, अन् चहा पाहावं तं अगोड! मंग मी मुकाट्यानं आपली घालून घेवो. लिहिलं शंभर की समजायचं पन्नास. म्हणून दुप्पट टाकतो, अन् बराबर चमकते. आतापर्यंत एकदा तरी चुकलं का?"

"पण मॅडमना कधी बोलला नाहीत?"

"काहून दुखवू?" त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "कष्टाळू बाई आहे. एवढं सुंदर पेप्टाइड कोणी बनवत नाही. आकड्यात जराशी कच्ची आहे, तं मी गुपचूप सांभाळून घेतो. तूही बोलू नको."

"पण सर, हा आकडा मॅडमचा नाही, माझा आहे. मी रंग वजा केलाय. यात लिहिल्याएवढंच आहे."

"तू तिचीच शिष्या ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर तबकडीत मसणवट. एकच प्रयोग शिल्लक राहिला. मी हातापाया पडले की सर, आता एकदाच टाका. ते तयार होईनात.

"आता शेवटचंच उरलं आहे, पोरी. तुझ्या डिग्रीचा प्रश्न आहे. तुझ्या शब्दावर एवढी जोखीम मी नाही घेणार. कुमुदनं स्वतः म्हटलं तं हात बदलवीन."

नळी तिथेच त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवून मी उलट पावली पुण्याला आले ती थेट मॅडमच्या घरी. मॅडम काळा चष्मा लावून गॅलरीत बसल्या होत्या. ऑपरेशनने उजेड सहन होत नव्हता आणि रजेने घर. मी धीर एकवटून सुरुवात केली.

"मॅडम, आपल्या मोजण्याच्या पद्धतीत एक छोटीशी... म्हणजे सुधारणेला वाव आहे."

"रंग वजा केलास," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"आणि निम्मा आकडा लिहून पाठवलास."

"हो, मॅडम."

"आणि त्याने पेशी मारल्या." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. एक डोळा लाल होता, दुसरा त्याहून लाल. "कोठावळे, एमएस्सीला शिकवतात ते मला येत नाही, असं खरंच वाटलं का तुला? ते मीच शिकवते, तुलाही मीच शिकवलंय."

मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पहिली बॅच पाठवली तेव्हा खराच आकडा लिहिला होता," मॅडम सांगू लागल्या. "पेशी मेल्या. फोन करून म्हणाला, तुझं पेप्टाइड विषारी आहे. मी म्हटलं, याने नक्की दुप्पट टाकलं असणार. कोणाचं काही खरं मानायचंच नाही, हा त्याचा जन्माचा रोग. चहात साखर घातली म्हणून सांगितलं तरी न चाखता वरून एक चमचा! रोज फेकून द्यावा लागायचा. शेवटी मी साखर घालणंच बंद केलं, आणि घातली म्हणून सांगायला लागले. मग आवडीने प्यायचा. तसंच हेही. दुसऱ्या बॅचला रंग वजा केला नाही, आकडा आपोआप दुप्पट झाला. पेशी चमकल्या. म्हणाला, आता जमलं तुला!"

"त्यांना सांगायचं नाही का?"

"चूक दाखवली की तो दोन दिवस जेवत नाही. हात चांगला आहे त्याचा, पेशी त्याच्यासारख्या कोणी वाढवत नाही. डोक्यात एक किडा आहे, तो मी गुपचूप सांभाळून घेते."

दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होते, अगदी मनापासून, आणि दोघंही शब्दशः तेच सांगत होते. गंमत म्हणजे दोघांच्या लबाडीची बेरीज होऊन छापून आलेला प्रत्येक आकडा खरा निघत होता. सगळा कारभार चोख. त्यात खोटी ठरत होते ती मीच, कारण मी खरं लिहिलं होतं.

"मॅडम," माझा आवाज रडवेला झाला, "आता एकाच प्रयोगाचं उरलंय. तुम्ही म्हणालात तर सरांना जुन्या पद्धतीचा आकडा कळवीन. पण प्रबंधात पद्धत लिहावी लागते. काय लिहू? 'रंग वजा केला नाही, कारण सर दुप्पट टाकतात'?"

मॅडम म्हणाल्या, "फोन लाव."

मी लावला आणि स्पीकर सुरू केला, कारण ऐकायची सवय होती.

"विश्राम."

"बोल. डोळा कसा आहे?"

"दिसतंय. जरा जास्तच दिसतंय. तू दुप्पट टाकतोस."

"त्या पोरीनं सांगितलं?"

"मला पहिल्या बॅचपासून माहीत आहे."

"मंग इतकी वर्षं बोलली काहून नाही?"

"तू तरी कुठे बोललास, मी दुप्पट लिहिते म्हणून?"

"तू लिहीत होती म्हणून मी टाकत होतो."

"तू टाकत होतास म्हणून मी लिहीत होते."

मी वाट बघत होते. आता भंगार निघेल, पिपेटची लाज निघेल. पण काही निघेना. नुसता लाइनचा खरखराट. दोघांकडेही बोलायला काही नव्हतं असं नाही, पण सुरुवात कुठून करायची, ते बहुधा कळत नव्हतं. शेवटी मीच स्वार्थी होऊन म्हणाले, "सर, माझं चौथं प्रकरण..."

"हो, हो," सर भानावर आले. "सांग, कुमुद. आकडा कोणता धरू?"

"नळीवर आहे तो. खरा आहे. एकदाच टाक."

"एकदाच टाकतो."

"ठेवते."

"डोळ्याला जप."

तासाभराचा फोन दोन मिनिटांत संपला. मला हायसं वाटलं. मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "जा आता, घरी जा."

पेशी चमकल्या. अशा चमकल्या की फोटो बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांची ईमेल आली, 'प्रयोग यशस्वी. फोटो सोबत जोडले आहेत.' एवढीच, आणि तीही फक्त मला. मॅडमच्या केबिनमधला फोन त्या आठवड्यात वाजला नाही. मी रात्रीचा दिवस करून चौथं प्रकरण लिहिलं, मुदतीत प्रबंध दिला, आणि उन्हाळ्यात तोंडी परीक्षेचा दिवस उगवला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या मोजमापाच्या काटेकोरपणाचं तोंड भरून कौतुक केलं. "रंगाची वजाबाकी विसरणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे अजून आहेत," असं ते खेदाने म्हणाले. मॅडम पहिल्या रांगेत बसून गंभीरपणे मान डोलावत होत्या. शेवटच्या रांगेत सर होते. आपल्या खर्चाने, न बोलावता, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच पुण्याला आले होते. चहाच्या वेळी दोघं समोरासमोर आले. "बरी आहेस?" "बरी आहे." मग सर बटाटेवड्याकडे वळले आणि मॅडम परीक्षकांकडे.

सरांना गाडी गाठायची होती. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले.

"पोरी, तुझे उपकार झाले," ते म्हणाले. "एक गोष्ट कुमुदला कधी सांगितली नाही. मधात मी दोनदा कंपनीचं पेप्टाइड मागवलं होतं. दोन्ही खेपेला पेशी मेल्या. मला वाटे, कुमुदच्या हातात काही जादू आहे. जगात कोणाचंच पेप्टाइड चालत नाही, फक्त तिचं चालते."

"कंपनीचंही तुम्ही दुप्पट टाकलंत?"

"हात बसला होता ना." ते खिन्न हसले. "आता एकदाच टाकतो, तं कंपनीचंही चमकते. कोणाचंही चमकते. कुमुदला आता उगाच त्रास नाही द्यायचा."

रिक्षा गेली. मी तिथेच उभी राहिले. डॉक्टर झाल्याचा दिवस होता आणि मला स्वतःचा भयंकर राग येत होता, कारण माझं काहीच चुकलं नव्हतं.

वर आले तर मॅडम रिकाम्या हॉलमध्ये एकट्याच बसल्या होत्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, दोनदा कंपनीकडून पेप्टाइड मागवलं होतं, दोन्ही वेळा पेशी मेल्या," मी म्हणाले. "तुमच्या हातात जादू आहे म्हणाले. जगात फक्त तुमचंच चालतं."

पुढचं मी गिळलं.

मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं. नव्या डोळ्यांनी त्यांना खरोखरच फार दिसायला लागलं होतं.

"विश्राम असं म्हणाला?"

"हो, मॅडम."

"मग निम्मं धरते," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून चालू लागल्या.

पुढच्या सोमवारी मी माझं सामान आवरायला गेले, तर मॅडम अॅप्रन घालून स्वतः नवी बॅच रंगवायला बसल्या होत्या. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. टेबलाखाली थर्माकोलचा कोरा डबा होता आणि त्यावर नागपूरचा पत्ता लिहून झाला होता. ती बॅच कोणी मागवली नव्हती.